नेटवाला बदलताय? राउटर सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट. बरीच वर्षं गल्लीतल्या केबलवाल्याचं ५० एमबीपीएसचं नेट होतं, आता एका मोठ्या कंपनीचं २०० एमबीपीएसचं फायबर घ्यायचं ठरलंय. कंपनी म्हणते, राउटर आम्ही फुकट देतो. दुकानदार म्हणतो, तो डबा काही कामाचा नाही, वाय-फाय ७, म्हणजे वाय-फायची नवी पिढी, घ्या. घरात २०१७ साली घेतलेला राउटर अजून ठणठणीत चालतोय. मागच्या बेडरूममध्ये बसून ऑफिसचं काम, हॉलमध्ये टीव्ही, दारावर कॅमेरा, आणि सासऱ्यांचा जुना लँडलाइन नंबर शक्यतो टिकवायचाय. तर राउटर कोणता घ्यावा?

आत्ता कोणताच घेऊ नका. जोडणी होऊ द्या, दोनेक आठवडे कंपनीच्या डब्यावर घर चालवा, कुठे कमी पडतंय ते मोजा, आणि खरंच कमी पडत असेल तर तेवढ्यापुरता खर्च करा. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. नेट यायच्या आधी राउटर येतो, मग लाइनमन येऊन म्हणतो की हा इथे लागतच नाही, आणि तो खोक्यासकट कपाटावर जातो.

असं का होतं ते कळायला घरात नेमकं येतं काय ते बघायला हवं. तुमच्या केबलवाल्याची पद्धत बहुधा अशी असणार: गच्चीवर किंवा जिन्यातल्या पेटीत त्याचा स्विच, तिथून लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर सरळ तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून नेट घेणाऱ्या तोंडात, आणि राउटरमध्ये त्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड. याला पीपीपीओई म्हणतात. या पद्धतीत राउटर पूर्णपणे तुमचा. जळला तर बाजारातून दुसरा आणा, तेच युजरनेम टाका, नेट चालू. फार तर केबलवाल्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा ओळख क्रमांक) त्याच्याकडे बांधून ठेवलेला असतो, तेवढा फोन करून बदलून घ्यायचा.

फायबरचं तसं नाही. काचेची बारीक तार घरात येते ती ओएनटी नावाच्या डब्यात. आपल्याकडे घरगुती फायबर मुख्यतः जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटायची) पद्धतीवर चालतं, आणि त्यात प्रत्येक ओएनटीचा सिरीयल नंबर कंपनीच्या टोकाच्या यंत्रात नोंदवलेला असतो. नोंद नसलेला ओएनटी लावला तर दिवे लागतील, नेट येणार नाही. आणि दुकानात मिळणाऱ्या साध्या राउटरला तर फायबरचं तोंडच नसतं. शिवाय कंपनीच्या ओएनटीमध्येच आता राउटर, वाय-फाय आणि फोनचं पोर्ट असं सगळं एकत्र असतं. म्हणजे ‘कोणता राउटर घेऊ’ हा प्रश्न फायबर आल्यावर बदलतो. कंपनीच्या डब्यापुढे आपला दुसरा डबा हवा का, आणि हवा असेल तर त्याने कोणतं काम करायचं, हे ठरवायचं असतं.

(बीएसएनएलच्या तांब्याच्या फोनलाइनवरून फायबरवर येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. तुमच्या जुन्या मोडेमला फोनची बारीक पिन लागते, त्याचा डीएसएलचा भाग फायबरला निरुपयोगी. काही मॉडेलमध्ये एक लॅन पोर्ट वॅन म्हणून वापरता येतं, पण त्यासाठी फार खटाटोप करण्यात अर्थ नाही.)

जीपॉनमध्ये कंपनीच्या टोकाचं एक पोर्ट सेकंदाला साधारण २.५ गिगाबिट खाली (डाउनलोड) आणि १.२५ गिगाबिट वर (अपलोड) वाहतं, आणि ते बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं असतं. रात्री नऊ वाजता सगळी इमारत सिरीयल बघायला बसली आणि नेट रांगायला लागलं, तर तो दोष तुमच्या राउटरचा असेलच असं नाही. ओळखायचं कसं? लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला लावा, वाय-फाय बंद करा आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान दोन-तीनदा वेग मोजा. वायरवरही ४० मिळत असतील तर भांडण कंपनीशी आहे, कितीही महाग राउटर आणला तरी तिथे ४०च मिळणार. वायरवर १९० आणि मागच्या खोलीत वाय-फायवर २० मिळत असतील तर प्रश्न घराच्या आतला आहे, आणि तो सोडवणं तुमच्या हातात आहे. एवढी एक चाचणी केली तरी बहुतेकांचे पैसे वाचतात.

आता घराच्या आतलं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण वाय-फायचं निम्मं भवितव्य लाइनमन ज्या दिवशी येतो त्या दिवशीच ठरतं. तो फायबर बाल्कनीतून किंवा हॉलच्या खिडकीतून आत घेतो आणि सगळ्यात जवळचा प्लग शोधतो. तो सापडतो टीव्हीच्या मागे. मग डबा टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, भिंत आणि धातूची पाठ यांच्या मध्ये बसतो. मागच्या बेडरूमपर्यंत जाताना सिग्नलला वाटेत आरसीसीचा खांब, टाइल्स आणि पाण्याचे पाइप असलेलं बाथरूम, आणि लोखंडी कपाट लागतं. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं, त्यातला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथवर जवळजवळ संपलेला असतो. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याची घरं किंवा पेठांतले जुने वाडे असतील तर दोन भिंतीही पुष्कळ झाल्या.

म्हणून लाइनमन यायच्या आधी जागा ठरवून ठेवा: घराच्या मधोमध, बहुधा पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर किंवा थोडं वर, जवळ इन्व्हर्टरवर चालणारा प्लग असेल अशी. त्याला सांगा की तार इथपर्यंत हवी. तो ‘एवढी वायर नाही’ म्हणेल. जास्तीची दहा-पंधरा मीटर फायबर आणि पीव्हीसी पट्टी यांचे जे काय पैसे होतील ते द्या. नव्या राउटरच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत, आणि फायदा बहुधा त्याहून जास्त. फायबर काटकोनात वाकवायची नाही, वळण तीनेक सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि तिच्यावर खिळा ठोकायचा नाही. भिंतीवर दोनेक मीटर गुंडाळी सोडून ठेवायला सांगा, पुढे डबा सरकवायचा झाला तर उपयोगी पडते. टोकाला हिरवा कनेक्टर असेल तर तो निळ्या कनेक्टरशी जोडायचा नसतो, काचेची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात.

जोडणी झाल्यावर त्याच्याकडून आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे ओएनटीच्या पानावर दिसणारी प्रकाशाची पातळी. साधारण उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आसपास असेल तर निश्चिंत. उणे २७ ही नेहमीच्या घरगुती ओएनटीची शेवटची मर्यादा मानली जाते, त्याच्या जवळ आकडा असेल तर पावसाळ्यात लाल दिवा लागणार असं धरून चाला आणि तिथेच जोड पुन्हा करून घ्या. दुसरी म्हणजे डब्याची लॅन पोर्टं गिगाबिट (१००० एमबीपीएसची) आहेत का. स्वस्त ओएनटीमध्ये एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीची १०० एमबीपीएसची, असा प्रकार असतो. कोणतं कोणतं ते त्याला ठाऊक असतं.

तसं विचारायचं खूप असतं, पण विक्रीच्या फोनवरच्या मुलाला विचारून उपयोग होत नाही, त्याच्याकडे फक्त प्लॅन असतात. त्याला पैशांचं तेवढं विचारा: डबा फुकट म्हणजे तुमचा की परत करायचा, डिपॉझिट किती, भाडं लागतं का, सहा महिन्यांच्या आत सोडलं तर काय कापणार, आणि सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे का. तांत्रिक प्रश्न लाइनमनसाठी राखून ठेवा. डबा ब्रिज मोडला टाकून मिळतो का? लॉगिन पीपीपीओईचं आहे का, असेल तर युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (राउटरमध्ये टाकायचा कंपनीच्या जाळ्याचा क्रमांक) द्याल का? फोन याच डब्यातून चालणार का? चहा प्यायला बसवलं तर तो ही उत्तरं सरळ देतो, असा माझा अनुभव आहे.

ब्रिज मोड म्हणजे कंपनीच्या डब्याने फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करायचं आणि बाकी सगळा कारभार तुमच्या राउटरने बघायचा. नेटवर्कचा नाद असलेले लोक यासाठी हट्ट धरतात. मी सरसकट तसं सुचवत नाही. सगळ्या कंपन्या तो देत नाहीत. ज्या देतात त्यांच्याही बाबतीत तक्रार केली की पहिलं वाक्य ‘सर, आमचा राउटर लावून बघा’ हेच येतं. डब्यातून लँडलाइन चालत असेल तर ब्रिज करताना फोनची सेटिंग उडण्याचीही शक्यता असते. घरात स्वतःचा सर्व्हर, ऑफिसचं खास व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) किंवा मुलांसाठी कडक नियंत्रण असं काही असेल तर ब्रिज जरूर मागा. नाहीतर राहू द्या.

ब्रिज न करता लोक दुसरा राउटर तसाच मागे जोडतात. म्हणजे कंपनीच्या डब्याच्या लॅनमधून वायर, आपल्या राउटरच्या वॅनमध्ये. नेट चालतं. पण घरात एकात एक अशी दोन जाळी तयार होतात. मग मोबाइल एका वाय-फायवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला की मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ जात नाही. प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून बसले तर नेट सुरूच होत नाही, आणि दोष मात्र नव्या कंपनीला मिळतो. यावर उपाय सोपा आहे. आपल्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वाय-फाय देणारा) टाकायचं. तो पर्याय सेटिंगमध्ये नसेल तर राउटरचा पत्ता बदलायचा, त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं) बंद करायचं आणि वायर वॅनऐवजी त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावायची. आता तो फक्त वाय-फाय पसरवतो, पत्ते वाटायचं काम कंपनीचा डबा करतो, आणि घरात एकच जाळं राहतं.

तुमचा २०१७चा राउटर मी याच कामासाठी राखून ठेवला असता. पण आधी त्याच्या बुडाशी लिहिलेलं मॉडेल बघा. त्या काळात ‘एसी १२००’ असं लिहिलेले, दोन्ही बँड असलेले, तरी पोर्टं मात्र १०० एमबीपीएसची, असे राउटर आपल्याकडे भरपूर विकले गेले. खोक्यावरचा १२०० हा आकडा २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळवून वर गोल केलेला असतो. त्याचा वायरीच्या पोर्टशी काही संबंध नाही. असा राउटर मुख्य म्हणून लावलात तर २०० चा प्लॅन घेऊन ९४-९५ वर बसाल आणि त्यामागचं कारण कळणार नाही. त्याच जातीचा आणखी एक प्रकार वायरीत होतो. केबलवाले पुष्कळदा लॅनच्या आठ तारांपैकी चारच जोडतात, कारण १०० एमबीपीएसला तेवढ्याच लागतात. ती जुनी वायर पुन्हा वापरली तर गिगाबिट राउटरही १०० वरच चालतो. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १०० दिसतो की १०००, तेवढं बघितलं की निकाल लागतो.

मात्र मागच्या बेडरूममधल्या ऑफिसच्या कामाला ९४ एमबीपीएस भरपूर झाले. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस लागतात. नेटफ्लिक्स स्वतः ४के चित्रासाठी १५ सांगतं. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक वेळा वेग कमी म्हणून तुटत नाही, सिग्नल डळमळतो म्हणून तुटतो. मागच्या खोलीत वायरीने पोचलेला जुना राउटर हा समोरच्या हॉलमध्ये ठेवलेल्या महागड्या नव्या राउटरला हरवतो. आणि कामाचा लॅपटॉप सरळ वायरीनेच जोडलात तर सगळ्यात उत्तम.

वायर न्यायची कशी, हा खरा अडथळा. भिंती फोडायच्या आधी टीव्हीच्या केबलचे कन्सील पाइप बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये प्रत्येक बेडरूममध्ये केबल टीव्हीचा पॉइंट काढलेला असतो आणि आता तो कोणी वापरत नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून जुन्या केबलच्या टोकाला कॅट ६ ची वायर बांधून पलीकडून ओढून घ्यायची. जुनी बाहेर, नवी आत. पाइप कुठे दबलेला असेल तर जमत नाही, तेव्हा छताच्या कडेने पट्टीतून न्यावी. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र लॅनची वायर घालू देऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

वायर अजिबातच नेता येत नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी वाय-फायने बोलणारे दोन-तीन डबे. हल्ली दोन-तीन गोंडस डब्यांचे संच मिळतात आणि ते चांगले चालतात, पण त्यांची जागा चुकते. लोक दुसरा डबा जिथे सिग्नल मेलेला असतो तिथेच ठेवतात. मेलेला सिग्नल पकडून तो पुढे काय देणार? त्याला अर्ध्या वाटेत, जिथे पहिल्या डब्याचा सिग्नल अजून चांगला आहे तिथे बसवायचं. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे छोटे एक्स्टेंडर तर मी कोणाला सुचवत नाही. एकाच बँडवर घेणं आणि देणं करताना त्यांचा वेग निम्म्यावर येतो, आणि फोन एकाला सोडून दुसऱ्याला धरताना मीटिंग तुटते ती वेगळीच.

आता वाय-फाय ५, ६ की ७? नवा राउटर घ्यायचीच वेळ आली तर आज वाय-फाय ६ घ्या, पोर्टं गिगाबिट आहेत एवढं पाहून. ‘एएक्स १५००’ किंवा ‘एएक्स १८००’ या पायरीवरचे राउटर साधारण तीन-चार हजारांच्या आसपास मिळतात आणि २००-३०० एमबीपीएसच्या प्लॅनला पुरून उरतात. चार, सहा, आठ अँटेनांच्या मोहात पडू नका. तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा दोनच असतात, आणि संवाद दोघांत जो कमी त्याच्या मापाने होतो.

दुकानदार वाय-फाय ७ म्हणतोय, त्याचीही बाजू बघू. वाय-फाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्याची मोठी ताकद ६ गिगाहर्ट्झच्या रुंद, मोकळ्या पट्ट्यात आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग परवानामुक्त झाला, म्हणून आज घराघरांत ५ गिगाहर्ट्झ बरा चालतो. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी, दूरसंचार विभागाने नियमांचा मसुदा काढला तो मे २०२५ मध्ये. त्यामुळे इथे विकले गेलेले बरेचसे वाय-फाय ७ राउटर २.४ आणि ५ असे दोनच बँड घेऊन आलेले आहेत. खोक्यावर ‘७’ बघून पैसे देण्याआधी ६ गिगाहर्ट्झ लिहिलंय का ते वाचा, आणि घरातल्या किती फोनना तो कळतो ते मोजा. उत्तर शून्य किंवा एक आलं तर निर्णय झालाच.

अमेरिकेतला भाऊ किंवा मुलगा येताना राउटर आणतो, हाही पुण्यात नेहमीचा प्रकार. अॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर वीज चालते, पण पिन बदलावी लागते. राउटर तिकडच्या नियमांनुसार चॅनल धरतो, इथे त्याची वॉरंटी नाही, आणि तिकडच्या नेट कंपनीचा शिक्का असलेला असेल तर तो इथे फक्त शोभेचा. आग्रहाने मागवू नका. आणलाच असेल तर आधी मॉडेल तपासा.

२.४ गिगाहर्ट्झबद्दल लोक तुच्छतेने बोलतात, पण दारावरचा कॅमेरा, स्मार्ट बल्ब, जुना प्रिंटर यांना बहुधा तोच एक कळतो. सोसायटीत त्यावर पंगतीतल्यासारखा गोंगाट असतो, कारण एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. राउटरला ‘ऑटो’वर सोडण्यापेक्षा मोबाइलवर एखाद्या वाय-फाय अॅनालायझर अॅपमध्ये शेजाऱ्यांची चॅनलं बघून या तिघांतलं सगळ्यात मोकळं धरा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. कॅमेरा जोडताना तो सापडतच नसेल तर थोडा वेळ ५ गिगाहर्ट्झ बंद करा, कॅमेरा जोडला की पुन्हा चालू.

कंपनी बदलताना सगळ्यात कमी त्रासाची युक्ती म्हणजे नव्या डब्याला जुन्याच वाय-फायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच. टीव्ही, कॅमेरा, सासऱ्यांचा मोबाइल, सगळे आपोआप जोडले जातात. पासवर्ड सगळ्या इमारतीला ठाऊक झाला असेल तर मात्र हीच बदलायची संधी, मग अर्धा दिवस जाईल हे धरून चाला. दोन्हीही वेळा अॅडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडणी) बंद करा, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा. कंपनीचा डबा कंपनीला दुरून उघडता येतो, त्याच सोयीमुळे कस्टमर केअरवाला बसल्या जागी सेटिंग बदलू शकतो. ज्यांना ते रुचत नाही त्यांच्यासाठी मागे स्वतःचा वेगळा राउटर हे एक रास्त कारण आहे, दोन जाळ्यांचा त्रास पत्करून. अशा वेळी मात्र २०१७चा डबा नको. इतक्या जुन्या मॉडेलला सुरक्षेची नवी फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळणं बहुधा थांबलेलं असतं.

कॅमेऱ्याचं एक वेगळं. तो मोबाइल अॅपमधून, कंपनीच्या क्लाउडमार्गे दिसत असेल तर नवं नेट आल्यावरही दिसेल. पण कोणीतरी डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, करून दिलं असेल तर तो बंद पडायची दाट शक्यता आहे. आता बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूतला दिसला तर तुम्ही त्यातले. त्यावर कोणताही राउटर उतारा नाही. एकतर स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्यायचा, नाहीतर डीव्हीआर क्लाउडवर वळवायचा.

विजेचंही आत्ताच बघून घ्या. फायबर आणि तुमची जुनी पद्धत यांत इथे मोठा फरक आहे. जीपॉनमध्ये कंपनीचं केंद्र आणि तुमचं घर यांच्या मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. म्हणजे गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट घालवली आणि जिना अंधारात असला तरी, तुमचा डबा चालू असेल तर नेट चालू राहतं. केबलवाल्याचा गच्चीवरचा स्विच बंद पडला की तुमचा इन्व्हर्टर असूनही उपयोग नसायचा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. घेताना ओएनटीच्या अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ चेही आहेत, आणि अँपिअर १, दीड की २ हे मॉडेलवर ठरतं. यूपीएसचे अँपिअर त्यापेक्षा कमी नकोत. मागच्या खोलीत दुसरा डबा असेल तर त्यालाही वेगळा लागेल.

सासऱ्यांच्या नंबराबद्दल बातमी बरी नाही. मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. नवं फायबर देणारी कंपनी फोन देईल, तो नव्या नंबरचा. जुना नंबरच हवा असेल तर ज्या कंपनीचा तो आहे तिच्याकडेच किमान भाड्यावर ठेवा, किंवा ती कंपनी तुमच्या भागात फायबर देते का ते विचारा. बऱ्याचदा तोच नंबर फायबरवर चालू करून मिळतो. तसं जमत असेल तर कंपनी निवडण्याचाच फेरविचार करा, राउटरचं नंतर बघू.

तर तुमच्या घरासाठी क्रम असा. कंपनीचा डबा घ्या, पण पॅसेजमध्ये बसवून घ्या. केबलवाल्याचं नेट लगेच तोडू नका, नवं स्थिरावेपर्यंत महिनाभर दोन्ही राहू द्या. दोन आठवड्यांनी वायरवर आणि प्रत्येक खोलीत वाय-फायवर वेग मोजा. मागच्या बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झ ५०-६० देत असेल तर काहीच घेऊ नका. नसेल तर टीव्ही केबलच्या पाइपातून वायर ओढून तिथे जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. खर्च वायरीचा आणि इलेक्ट्रिशियनचा. त्या खोलीत मोठ्या फाइली चढवायचं काम असेल आणि ९४ एमबीपीएस खरंच कमी पडत असतील, तरच तिथे एएक्स १५०० घ्या आणि जुना केबलवाल्याच्या पोराला देऊन टाका. केबलवाल्याचं डिपॉझिट असेल तर नेट तोडायच्या आधी मागा, नंतर तो फोन उचलत नाही. त्याने दिलेलं काही यंत्र परत करत असाल तर त्यावरचा सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.